वैतरणेचे कडे आणि माणसाचा हात

पावसाळा लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत तलावांच्या पातळीचा तक्ता रोज छापून येतो. अप्पर वैतरणा भरतो ६०३.५१ मीटरला, मध्य वैतरणा २८५ ला आणि मोडकसागर १६३.१५ ला. वाचणाऱ्याची नजर टक्क्यांवर असते, पाणीकपात टळली का एवढंच त्याला पाहायचं असतं. पण हे तीन आकडे एकाखाली एक ठेवून बघावेत. एकाच नदीवरचे तीन तलाव, आणि वरच्या-खालच्यात उंचीचा फरक चारशे चाळीस मीटर. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून घाटमाथ्यावर संथ वाहणारी वैतरणा सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात उतरते, ती सगळी उतरण त्या तक्त्यात आहे. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यात या कड्याचा वाटा मोठा आहे. समुद्रावरून आलेले ढग त्यालाच अडतात, वर चढतात आणि तिथेच रिते होतात.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहू लागला. थरावर थर चढत गेले. पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून सुटला, किनाऱ्याची बाजू खचली, आणि तुटलेली कड पाऊस-नद्यांनी कोरत कोरत पूर्वेकडे हटवत नेली. आज घाटमाथ्याच्या टोकाला दिसणारी भिंत एकेकाळी समुद्राच्या कितीतरी जवळ होती. सफाळ्याचा तांदुळवाडी, पालघरचा काळदुर्ग, महामार्गालगतचा टकमक, मनोरकडचा अशेरी, वाड्याचा कोहोज हे डोंगर त्या माघारीत मागे राहिले. विरार-डहाणू लोकलच्या पूर्वेच्या खिडकीशी बसलं की त्यांतले काही दिसतात. काळदुर्गाच्या माथ्यावरचा चौकोनी कातळ तर पालघरच्या माणसाला दिशा सांगायला पुरतो.

कडा सरळसोट का उभा राहतो? लाव्ह्याचा प्रत्येक थर मधे घट्ट आणि वर-खाली पोकळ असतो. मधला भाग निवताना आक्रसला, त्याला उभ्या भेगा पडल्या. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि दगड जाळीदार झाला. असा दगड हातात घेऊन पाहावा: बोटाचं पेर मावेल एवढी भोकं, आणि काही भोकांत साखरेसारखे पांढरे स्फटिक. हा भाग लवकर झिजतो. तो आत गेला की वरच्या घट्ट थराचा आधार सुटतो आणि उभ्या भेगेवरून धोंडा खाली येतो. मागे पुन्हा उभीच भिंत उरते.

झिजलेल्या थराच्या जागी आडवी कपार तयार होते. डोंगरावरचं बहुतेक जीवन या कपारीच्या आधाराने राहतं. भेगांतून खाली झिरपलेलं पाणी दोन थरांच्या सांध्यावर, जिथे तांबडी भाजलेली माती असते, तिथे अडतं आणि बाहेर पाझरतं. तिथे शेवाळ, नेचे आणि पावसाळ्यात तेरडा. माथ्याखालच्या उतारावर कारवी, सात वर्षांनी एकदा जांभळी फुलणारी. कपारीच्या छताला पाकोळी चिखलाचं घरटं करते, अर्ध्या वाटीएवढं. ओल्या मातीची एकेक गोळी चोचीने आणून चिकटवलेली असते आणि सुकल्यावरही प्रत्येक गोळी वेगळी ओळखू येते. शेजारी आग्या मोहोळ लटकतं. एकच पोळं, उघडं, त्यावर माश्यांचा थरावर थर, आणि जवळून काही गेलं तर त्या थरातून लाट धावते. पाणी कुठे अडतं हे ओळखून माणसानेही कातळाचा असाच उपयोग केला. किल्ल्यांवरची पाण्याची टाकी कुठे खोदायची हे जुन्या पाथरवटांना कातळाकडे बघून कळत होतं.

या सगळ्यांना कड्याने राखलं, कारण तिथे कोणी पोचत नव्हतं. ना नांगर, ना गुरं, ना कुऱ्हाड. महसुलाच्या दप्तरात असली जमीन पोटखराबा, तिला आकार म्हणजे सारा नाही. ज्याच्यातून काही निघत नाही त्याच्याकडे सरकार आणि सावकार दोघेही पाठ फिरवतात, आणि शेकडो वर्षं हीच पाठ कड्याच्या कामी आली. संवर्धनाचं एवढं मोठं काम आपण एक पैसाही खर्च न करता करून घेतलं. ते कोणी ठरवून केलं नव्हतं, हे मात्र विसरायला नको.

ही आपोआपची राखण पुरेशी नाही, हे गिधाडांनी दाखवून दिलं. वैतरणेच्या उगमाकडे, अंजनेरीच्या कड्यावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. ही जात मुख्यतः कड्यावरच घरटं बांधते. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ लांबूनही दिसतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, इतका तिचा कड्यावर भरवसा. त्या कपारीपर्यंत बिबट्याही चढू शकत नाही. पण गोठ्यातल्या गुराला टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध तिथे पोचलं. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी करून गेलं. १९९२ ते २००७ या काळात कड्यावर राहणाऱ्या गिधाडांची संख्या देशभरात सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याला ही तूट भरून काढायला किती पिढ्या लागतील? कडा जागच्या जागी होता, कपार शाबूत होती, तरी पक्षी गेले.

आणि आता कडासुद्धा जागच्या जागी राहील असं नाही. पालघर जिल्ह्यात महामार्ग रुंदावला, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग आला, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहत आहेत. वाढवण बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत होणार आहे. खडी आणि धोंडे डोंगरातूनच येतात. सुरुंगाला चढण लागत नाही. जो घट्ट थर कड्याला उभं धरतो, तोच खडीला सगळ्यांत चांगला. मला रस्ता नको आहे असं नाही, मीही त्याच रस्त्याने जातो. पण कुठला डोंगर फोडायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हा प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारायला हवा.

वारली समाजाने तो आपल्या परीने विचारून ठेवला आहे. पालघर-मनोर रस्त्यावर काळदुर्गाच्या पायथ्याशी वाघोबा खिंड आहे, तिथे वाघोबाचं देऊळ आहे. ज्याच्यापासून गुरांना आणि माणसांना भय, त्यालाच देव मानून त्याची जागा त्याला दिलेली. भीती गेली तरी जागा त्याचीच राहते. कोणाची तरी म्हणून ठरवून सोडलेली ही जागा मला महत्त्वाची वाटते, कारण कड्याचा अवघडपणा जे फुकटात करत होता ते यापुढे ठरवूनच करावं लागणार.

त्यासाठीचं साधन हाताशी आहे. पालघरचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि पेसा कायद्याप्रमाणे तिथे गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही आणली. तिच्यात औषधी झाडं लिहिली जातात, मासे लिहिले जातात. तशीच कड्याचीही नोंद हवी. आग्या मोहोळ कुठल्या कपारीला बसतं, झरा कुठे फुटतो आणि कुठल्या महिन्यापर्यंत टिकतो, गिधाडं पूर्वी कुठे बसत, बिबट्याची घळ कुठली. हे गुराख्यांना आणि मध काढणाऱ्यांना तोंडपाठ असतं. पट्ट्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येतो तेव्हा त्यात गट नंबर असतो, क्षेत्र असतं, दगड किती ब्रास निघेल तेही असतं. समोर गावाची ही नोंद असली, तर त्या कागदाला उत्तर देता येतं.