दुसरीही मुलगीच



नाताळानंतरच्या कुटुंबभेटींत या वर्षी आपल्याच धर्मग्रामातील एका घरी जाणे झाले. त्या कुटुंबाची परवानगी घेऊन हे लिहीत आहे. नाव मात्र मुद्दाम देत नाही. कापूस वेचणीचे दिवस असल्याने दुपारी गल्लीत शुकशुकाट होता. ओट्यावर आजीबाई बाळासाठी गोधडी शिवत बसल्या होत्या. वर जुने नऊवारी लुगडे, आत धुऊन धुऊन मऊ झालेल्या दोन साड्या आणि कडेकडेने आत जाणारा धावदोरा. आजींना आता बारीक दिसत नाही. म्हणून शेजारची शाळकरी मुलगी सकाळीच सहा-सात सुया ओवून गोधडीच्या कोपऱ्यात टोचून ठेवते. दिवसभर आजींचे काम अडत नाही. नवे कापड महाग म्हणून जुने वापरतात असे आपण समजतो, पण तान्ह्या बाळाच्या कातडीला जुने सुती कापडच सोसते, हे आजींना पक्के ठाऊक आहे.

बाळ पंधरा दिवसांचे होते. मी विचारले, "काय झालं, आजी?" दोरा दाताने तोडत त्या म्हणाल्या, "पोरगीच झाली जी, फादर. दुसरीबी पोरगीच."

मी बाळाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, आशीर्वाद दिला आणि सांत्वन करावे म्हणून बोलून गेलो, "देवाची इच्छा. पुढच्या वेळी तो मुलगा देईल." बाळाची आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. पिठले-भाकर आणि ठेचा असे छान जेवण झाले आणि मी निघालो.

वाटेत माझेच शब्द मला टोचू लागले. सांत्वन कशाचे करत होतो मी? त्या घरी कोणी मेले नव्हते. पंधरा दिवसांपूर्वी एक धडधाकट लेकरू जन्माला आले होते आणि देवाचा सेवक म्हणून गेलेला मी त्या लेकराच्या तोंडावर त्याच्यानंतरच्या लेकराची वाट पाहत होतो. आजींनी निदान दोन महिने डोळे फोडून गोधडी तरी शिवली होती. मी काय केले?

आपल्या मराठीत 'च' हे एवढेसे अक्षर आहे. 'मुलगी झाली' आणि 'मुलगीच झाली' यांत त्या एका अक्षराचेच अंतर. पण त्या अक्षरापायी घरात काय काय बदलते ते मला पुढच्या आठवड्यात कळले, मी क्षमा मागायला पुन्हा गेलो तेव्हा. पहिल्या बाळंतपणात सुनेला सव्वा महिना बाजेवरून उठू दिले नव्हते. डिंक, खारीक, खोबरे, मेथी, गूळ, तूप सगळे घालून लाडूंचा मोठा डबा भरला होता. या खेपेला लाडू थोडेच झाले आणि बाराव्या दिवसापासून ती चुलीपुढे होती. कोणी तिला 'ऊठ' म्हटले नाही. तीच उठली, आणि 'झोपून राहा' असेही कोणी म्हटले नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा जास्त खावे लागते, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. सहा महिने बाळाने आईच्या दुधाशिवाय दुसरे काही घ्यायचे नाही असे डॉक्टर सांगतात. मग तिच्या ताटातले कमी झाले तर कोणाचे पोट मारले जाते?

हे एकाच घरचे असते तर मी पत्रकात लिहिले नसते. २००१ च्या जनगणनेत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये तो आकडा ८५५ वर आला. १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा असताना हे झाले. कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत जातो. स्वयंपाकघरातला 'च' त्याच्या हाती लागत नाही. आणि आपण ख्रिस्ती लोक या आकड्याबाहेर आहोत असे समजून कोणी आज सुटकेचा श्वास सोडू नये. मी स्वतः सोडू शकलो नाही.

पवित्र शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्याच्या सोळाव्या अध्यायाची सुरुवात अवश्य वाचा. यरुशलेम नगरीला देव तिथे एका टाकून दिलेल्या तान्ह्या मुलीची उपमा देतो. तिची नाळ कोणी कापली नाही, तिला पाण्याने धुतले नाही, त्या काळच्या रीतीप्रमाणे अंगाला मीठ चोळले नाही, बाळंत्यात गुंडाळले नाही. जन्मल्या दिवशीच उघड्या माळावर फेकलेली ती पोर. देव तिथून जातो, तिला तसल्या अवस्थेत पाहतो आणि तू जग, असे म्हणतो. मला यात विशेष वाटते ते हे, की देवाच्या तोंडी इथे मोठमोठ्या गोष्टी नाहीत. नाळ, पाणी, मीठ, बाळंते. सगळी सुईणीची आणि आजीची कामे. कोणते काम राहून गेले, हे देव एकेक मोजतो आहे.

फ्रान्समध्ये अलांसाँ या गावी झेली मार्टिन नावाची बाई लेस विणण्याचा धंदा करी. तिला आणि तिचा नवरा लुई याला फार इच्छा होती की आपल्याला मुलगा व्हावा आणि तो मिशनरी धर्मगुरू व्हावा. दोन मुलगे झाले, दोघेही तान्हेपणीच गेले. दोन मुलीही लहानपणी दगावल्या. २ जानेवारी १८७३ रोजी नववे आणि शेवटचे बाळ झाले, ती मुलगी. झेलीला तिला अंगावर पाजणे जमेना, म्हणून शेतकरी कुटुंबातील एका दाईकडे तिला वर्षभर ठेवावे लागले. तीच आपली बाळ येशूची संत तेरेजा. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने तिला मिशनकार्याची आश्रयदात्री संत म्हणून जाहीर केले. ती मठ सोडून कोणत्याही मिशनवर गेली नव्हती. झेली आणि लुई यांनाही २०१५ मध्ये एकत्र संतपद मिळाले.

इतक्या लांब तरी कशाला जायचे? उद्या-परवा सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या गाड्या आपल्या रस्त्यावरून धावतील. १२ जानेवारी १५९८ रोजी तिथे जिजाऊंचा जन्म झाला. लेक झाली म्हणून लखुजी जाधवरावांनी हत्तीवरून साखर वाटली असे आपल्याकडे सांगतात. ही कथा सांगणाऱ्या जिल्ह्यातच मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की फार तर जिलेबी!

आज प्रभूच्या स्नानसंस्काराचा सण आहे. यार्देन नदीत येशूने अजून एकही चमत्कार केला नव्हता, एकही प्रवचन दिले नव्हते, तेव्हाच पित्याने त्याला आपला लाडका म्हटले. स्नानसंस्कारात आपल्या प्रत्येक लेकरावर तेच पाणी पडते. मुलीसाठी वेगळी घागर नसते. २०१४ मध्ये याच सणाला, आणि ती तारीखही १२ जानेवारीच होती, पोप फ्रान्सिस यांनी सिस्टाइन चॅपलमध्ये बाळांना स्नानसंस्कार देताना आयांना सांगितले होते की बाळ भुकेने रडले तर संकोच न करता इथेच पाजा. आपल्या चर्चमध्येही रडणारे बाळ घेऊन कोणत्याही आईने बाहेर उन्हात उभे राहू नये. उजवीकडचा शेवटचा बाक भिंतीच्या आडोशाला आहे. तो आजपासून त्यांच्यासाठी मोकळा ठेवावा, ही पुरुषमंडळींना विनंती.

त्या घरी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी त्या आईची सर्वांसमोर क्षमा मागितली. ती काही बोलली नाही, पण या वेळी ती बाजेवर होती आणि भाकऱ्या तिचा नवरा थापत होता. जाड झाल्या होत्या, कडेला फाटल्याही होत्या. आजींनी डिंक नव्याने तळायला घेतला होता. गोधडीचा एकच कोपरा शिवायचा राहिला आहे.

पुढच्या रविवारी नऊच्या मिस्सात त्या बाळाचा स्नानसंस्कार आहे. आपण सर्वांनी यावे. "त्या दिवशी काय वाटणार, आजी? जिलेबीही चालेल," असे मी गमतीने म्हटले. आजींनी झारा कढईच्या काठावर ठेवला.

"नाही जी, फादर. पेढेच."