सब्र कुणी करायचा?

एप्रिल २०२० मधली गोष्ट. गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडी भागात राहणाऱ्या आमच्या वर्गातल्या मुलींच्या घरी आम्ही रोज दहा-बारा फोन लावत होतो. रेशन मिळाले का, घरात कुणाला ताप नाही ना, एवढेच विचारायचे असे. अभ्यासाचे नाव काढण्याची आमची हिंमत होत नव्हती. एका घरी आईने फोन उचलला, तेव्हा मागे धाकट्याचे रडणे चालू होते. वय वर्षे साडेचार. बाहेर जायचे म्हणून हटून बसला होता. आई थकून म्हणाली, ‘‘टीचर, आप ही समझाओ इसको. आपका सुनेगा.’’ आम्ही आमचा नेहमीचा शिक्षकी आवाज लावला आणि म्हणालो, ‘‘बेटा, सब्र करो.’’ पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर आले, ‘‘कर लिया टीचर. अब जाऊँ?’’

त्या दिवशी आम्ही हसलो. इतर शिक्षकांनाही हा किस्सा सांगितला, तेही हसले. मात्र तो प्रश्न नंतर आमच्या डोक्यातून गेला नाही. पोराने आमचे ऐकले होते. त्याच्या परीने त्याने सब्र केला होता आणि आता त्याचा मोबदला मागत होता. आमच्याकडे द्यायला काही नव्हते. मग ज्याच्यापुढे काहीच ठेवता येत नाही, त्याच्याकडे सब्र मागण्याचा हक्क आम्हाला कुणी दिला?

सब्र हा आपल्या घराघरांतला शब्द. मराठीने त्याची सबुरी केली आणि ती आपलीशी करून टाकली. मय्यत झाली, धंदा बुडाला, मुलीचे लग्न मोडले, की येणारा-जाणारा प्रत्येकजण हाच एक शब्द हातावर ठेवून जातो. तो शब्द खोटा नाही. ज्याने दुःख भोगले त्याला त्याचा आधार माहीत आहे. हजरत अय्यूब अलैहिस्सलाम यांचे नाव आपण त्यासाठीच घेतो. पण त्यांचा सब्र एका प्रौढ, जाणत्या पैगंबराचा होता. आपण काय सोसतो आहोत आणि कुणासाठी, हे त्यांना ठाऊक होते. तक्रार करता आली असती, ती त्यांनी केली नाही, म्हणून तो सब्र. साडेचार वर्षांच्या मुलाला यातले काय ठाऊक असते? त्याला ‘उद्या’ म्हणजे काय हेही नीट कळत नाही.

आपल्या शरीअतने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. लहान मूल मुकल्लफ नाही. वयात येईपर्यंत त्याच्या नावे काही लिहिले जात नाही, कलम उचललेले असते. रोजा त्याच्यावर फर्ज नाही. नमाजची सवय सातव्या वर्षापासून लावावी म्हणतात. त्याआधी मशिदीत धावले, ओरडले, तर मोठ्यांनीच सांभाळून घ्यायचे. हुजूरे अकरम सल्लल्लाहु अलैहि व सल्लम जमातीत एखाद्या तान्ह्याचे रडणे कानी पडले की नमाज आटोपती घेत, कारण मागे उभ्या असलेल्या आईचा जीव कासावीस होत असेल. ही हदीस आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलाने इबादतीसाठी गप्प बसावे असे तिथे सांगितलेले नाही. इबादतच मुलाच्या रडण्यासाठी आखूड झाली आहे.

आणि महामारीत काय झाले? ज्यांच्यावर काहीच फर्ज नव्हते, त्यांच्यावरच सगळ्यांत कडक नियम आले.

ज्यांनी ती घरे पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, खोलीत सात-आठ माणसे. एका कोपऱ्यात जरीकामाचा अड्डा उभा करून ठेवलेला, कारण कारखानदाराकडून काम येणे बंद झाले होते. बाप दिवसभर घरात. ही त्या मुलांना आधी नवलाची गोष्ट वाटली, नंतर धाकाची. पाणी पहाटे येणार, तेव्हा ड्रम भरून ठेवायचे. संडास गल्लीच्या टोकाला, शेकडो माणसांमध्ये मिळून एक. मे महिन्यात पत्रा तापला की दुपारी आत बसवत नसे. आपल्या वस्त्यांत मुलांचे अंगण म्हणजे गल्लीच असते. तीही गेली. एका घरी एका आईने मुलाच्या पायाला दुपट्टा बांधून त्याचे दुसरे टोक पलंगाच्या पायाला बांधले होते. दारातून सुटला तर रस्त्यावर दंडुके होते आणि आजारही होता. हे आम्हाला सांगताना तिने नजर खाली घातली होती. सब्र या शब्दाचा अरबीतला मूळ अर्थ रोखून धरणे, बांधून ठेवणे असा आहे, हे आम्ही मुलांना कितीदा शिकवले आहे. त्या दिवशी तो अर्थ सांगण्याची आम्हाला लाज वाटली.

त्या आईला आम्ही दोष देणार नाही. वातानुकूलित खोलीतून ‘मुलांवर हात उगारू नका, त्यांच्याशी संवाद साधा’ असे सांगणारे तज्ज्ञ तेव्हा टीव्हीवर पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. फक्त संवाद साधायला दुसरी एक खोली लागते, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

कुणी म्हणेल, मग करायचे काय होते? रोग खरा होता. त्याच खोलीत दम्याची नानी झोपत होती. मूल बाहेर गेले असते आणि आजार घेऊन आले असते तर? हा सवाल आम्ही टाळत नाही. त्या एप्रिलमध्ये आम्ही जे सांगितले, तेच पुन्हा सांगू. मशिदीसुद्धा तेव्हा बंद झाल्या. जुम्याऐवजी घरी जोहर पढा, असे आपल्या उलेमांनी सांगितले. २५ एप्रिलला रमजान लागला तेव्हा तरावीह घरातच झाली आणि २५ मेची ईद गळाभेटीविना गेली. जान वाचवण्यासाठी दीन एवढा लवचीक होऊ शकतो, हे आपण त्या वर्षी डोळ्यांनी पाहिले. मोठ्यांसाठी सवलत शोधली गेली आणि ती सापडलीही. लहानांसाठी ती शोधायला कुणी बसले का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

बरे, त्या कोंडण्याचा उपयोग किती झाला? जुलै २०२० मध्ये माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांतल्या तीन वॉर्डांत लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. आमचा वॉर्ड त्यात नव्हता. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, इतर वस्त्यांतल्या १६ टक्के लोकांना. एका नळावर, एका संडासावर उभ्या राहणाऱ्यांना ‘अंतर ठेवा’ सांगून काय होणार होते? दार बंद होते, मूल आत होते, आणि रोगही आत होता.

पुढे एकेक गोष्ट उघडत गेली. मॉल ऑगस्ट २०२० मध्ये उघडले, हॉटेले आणि बार ५ ऑक्टोबरला. प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. त्यासाठी मोर्चे निघाले होते, आपल्या लोकांनीही मागणी केली होती. मुंबईत पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १५ डिसेंबर २०२१ रोजी. जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा बंद झाले आणि २४ तारखेला पुन्हा सुरू झाले. या तारखा एकाखाली एक लिहून पाहाव्यात. ज्याला ओरडता आले त्याचे दार आधी उघडले. सहा वर्षांची मुले मोर्चा काढत नाहीत. त्यांच्या वतीने आम्ही शिक्षकांनी काढायला हवा होता. आम्ही काढला नाही. पगार चालू होता, मोबाइलवर स्वाध्याय पाठवत होतो, आणि ज्या घरात एकच फोन होता व तोही बापाबरोबर बाहेर जात होता, त्या घरातून उत्तर आले नाही की हजेरीपुढे रेघ मारत होतो. ही कबुली इथे देणे भाग आहे.

हिशेब तिथेच संपला असता तरी ठीक. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवर पसरला. मुले दगावली. गोवराची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा महिन्यांनंतर द्यायची असते. महामारीच्या काळात जन्मलेल्या कितीतरी मुलांचे हे दोन्ही दिवस हुकले होते. आधी दवाखाने कोरोनाच्या कामात गुंतलेले, नंतर लोकांचे पाय तिकडे वळेनात. यात आपला वाटा आहे, तो झाकून चालणार नाही. हातात यादी घेऊन दारात येणाऱ्या माणसाची वस्तीत धास्ती बसली होती. २०१९-२० च्या हिवाळ्यात कागदपत्रांची भीती होती, आणि पाठोपाठ कोरोना आमच्यामुळेच पसरला असा गिल्ला झाला. त्या आरोपाबाबत ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले, असे म्हटले. निकाल आला, पण धास्ती गेली नाही. धास्ती समजण्यासारखी आहे, हे आम्ही मान्य करतो. पण तिची किंमत दीड वर्षाच्या जिवाने का मोजावी? ज्या आईबापांनी सुईला नकार दिला, त्यांच्यापैकी काहींनी आम्हाला सांगितले, ‘‘अल्लाह की मर्जी. सब्र करेंगे.’’ सब्र त्यांनी केला असेलही. ताप मुलाला आला होता.

तो साडेचार वर्षांचा मुलगा १५ डिसेंबर २०२१ रोजी आमच्या शाळेत पहिलीच्या वर्गात येऊन बसला. मास्क नाकावर, दप्तर मांडीवर. इतर मुले रडत होती, एकमेकांना ढकलत होती, दोघी दारापर्यंत पळाल्याही. हा आपल्या जागेवरून हलला नाही. आम्हाला बरे वाटले. बाजूच्या वर्गातल्या बाईंना म्हणालोसुद्धा, बघा किती शहाणे पोर. मग सुट्टीची घंटा झाली. वर्ग रिकामा झाला, मैदानातून ओरडण्याचे आवाज येऊ लागले. तो तसाच बसून राहिला होता, दाराकडे बघत. आम्ही जवळ जाऊन म्हणालो, ‘‘जाओ बेटा, खेलो.’’ त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘सच में?’’