अनिकेत, पण कुणाच्या घराच्या बाबतीत?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९

बाराव्या अध्यायात तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या लाडक्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. एकोणिसाव्या श्लोकात ती यादी शेवटाकडे येते. निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच, जो मोजकं बोलतो, जे मिळेल त्यात ज्याचं भागतं. आणि मग एक शब्द येतो, 'अनिकेत'. निकेत म्हणजे घर, राहण्याचं ठिकाण. ज्याला ते नाही, तो अनिकेत. त्याला लागूनच दुसरा शब्द आहे, 'स्थिरमति'. म्हणजे पत्ता पक्का नाही, पण बुद्धी पक्की आहे. माउली इथे वाऱ्याचं उदाहरण देतात. वारा कुठे एका जागी बिऱ्हाड करून राहत नाही, तसाच हा भक्त. अवघं विश्वच त्याचं घर.

हा श्लोक माझ्या रोजच्या वाचनात आला ती डिसेंबरातली सकाळ होती आणि खाली गाडीची डिकी भरून तयार होती. कशासाठी? तर नवीन घर शोधायला! वाचून मला हसूच आलं.

झालं असं की, आमच्या घरमालकांनी मार्चपर्यंत फ्लॅट रिकामा करून मागितला. पुण्यात या भागात आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहतोय. मी, बायको आणि आई. माझं काम आता बहुतेक घरूनच चालतं, महिन्यातून दोनदा ऑफिसला तोंड दाखवलं की झालं. बायकोचंही जवळपास तसंच. मग पुन्हा इथेच का, टँकरच्या पाण्यात आणि त्याच ट्रॅफिकमध्ये? चार दिवसांची सुट्टी जोडून आली होती. ठरलं, कृष्णेच्या काठाकाठाने जाऊ. वाई, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर आणि शेवटी नरसोबाची वाडी. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या. तुम्ही म्हणाल तिथे मी राहीन." मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, खरी अनिकेत तर आमच्या घरातच आहे!

हे वाक्य लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

इंजिनिअर माणूस, त्यामुळे एक्सेल शीट आलीच. गावं उभी, निकष आडवे. पाणी, वीज, नेटचा स्पीड, दवाखाना किती मिनिटांवर, भाडं, पुण्याचं अंतर. प्रत्येकाला दहापैकी गुण. त्यात 'पाणी' या रकान्याला बायकोने दुप्पट वजन द्यायला लावलं होतं. ती लातूरची. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी पाठवावं लागलं होतं, आठवत असेल. तेव्हा ती माहेरीच होती. पाण्याच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायचा नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकलो.

वाईला पोचलो आणि मी प्रेमातच पडलो. ढोल्या गणपतीसमोरचा घाट, संथ पाणी, पलीकडे डोंगर. मराठी विश्वकोशाचं काम ज्या गावातून चाललं ते हे गाव, म्हणजे वाचणाऱ्या माणसालाही आपलंसं वाटणारं. मनात आलं, गीतेच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाला बसायची जागा स्वच्छ हवी असं भगवंतच सांगतात. माउलींनी तर त्या जागेचं वर्णन करायला कितीतरी ओव्या खर्च केल्यात. गोड फळांची झाडं, निर्मळ पाणी, माणसांची फारशी वर्दळ नाही, जवळ एखादा मठ किंवा शिवालय, आणि एकदा बसलं की उठावंसं वाटू नये अशी शांतता. मग जागा निवडणं चूक कसं असेल? एकीकडे चांगली जागा बघ, दुसरीकडे अनिकेत हो. हे दोन्ही एकाच ग्रंथात कसं? हा प्रश्न पुढचे तीन दिवस माझ्यासोबत गाडीत होता.

साताऱ्यात दोन घरं बघितली, कऱ्हाडात एक. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घेतलं, रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खाल्ली, एक बरा फ्लॅटही मिळाला. पण माझं मन वाईतच अडकलेलं. रात्री लॉजवर शीट भरताना बायको म्हणाली, "वाईच्या दवाखान्याला आठ गुण? काल तर सहा होते." मी म्हटलं, "जास्त विचार केला नंतर." ती म्हणाली, "विचार नाही केलास, वाई पहिली यावी म्हणून आकडा बदललास." खोटं कशाला बोलू, तसंच होतं ते. निर्णय आधीच झाला होता, शीट नंतर त्याला जुळवून घेत होती.

चौथ्या दिवशी सकाळी वाडीला पोचलो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नरसोबाची वाडी शिरोळ तालुक्यात, कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावर आहे. दत्त महाराजांच्या पादुका आहेत आणि मंदिर अगदी नदीला लागून आहे. पावसाळ्यात नदी चढली की पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर गावात नेतात आणि पूजा-अर्चा तिथे चालते. पाणी उतरलं की देव परत खाली. दर वर्षी घर सोडणारा आणि दर वर्षी घरी येणारा देव! परंपरा सांगते की नृसिंह सरस्वती महाराजही इथे बारा वर्षं राहिले आणि मग गाणगापूरला गेले. अनिकेत हा शब्द डोळ्यांनी बघायचा असेल तर ही जागा आहे, असं मला वाटलं.

दर्शन झाल्यावर कवठाची बर्फी घ्यायला एका दुकानात थांबलो. दुकानातल्या मावशींनी बोलता बोलता भिंतीकडे हात केला. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं, ती खूण. माझ्या डोक्याच्याही वर. दोनच वर्षांनी, २०२१ ला, परत पूर. मी अगदी सहज विचारलं, "मग मावशी, दुसरीकडे का नाही जात तुम्ही? वर कुठेतरी, सुरक्षित?"

मावशी बर्फी बांधता बांधता म्हणाल्या, "सगळे हेच विचारत्यात. जावा म्हणायला सोपं असतंय दादा. कुठं जायाचं, काय न्यायाचं, ते आम्हाला इचारत नाही कुणी."

त्यात राग नव्हता, आणि म्हणूनच मला काही बोलता आलं नाही.

परतीच्या वाटेवर बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लातूरला रेल्वेने आलेलं पाणी मिरजेहून आलं होतं. म्हणजे याच नदीचं. पाणी न्यायचं ठरलं तेव्हा सगळं बघितलं होतं लोकांनी. किती लिटर, किती डबे, किती तास. माणूस न्यायचा असला की कुणी काही बघत नाही."

मला कळेना ही कशाबद्दल बोलतेय. म्हटलं, "कुणाबद्दल?"

"आईंबद्दल. आणि थोडं माझ्याबद्दल पण. लग्न झालं तेव्हा मी एका सुटकेसमध्ये लातूर सोडलं. माझी नोकरी, मैत्रिणी, क्लास, सगळं. तेव्हा मला कुणी अनिकेत नाही म्हणालं. ते गृहीतच होतं. तू आज तो शब्द आईंना लावून टाकलास."

"अगं, पण आई स्वतःच म्हणाली ना, तुम्ही म्हणाल तिथे."

"आईंनी 'हो' म्हटलेलं नाही. त्यांची 'नाही' म्हणायची सवय सुटलीय."

मंडळी, पुढचे पन्नास-साठ किलोमीटर गाडीत कुणी बोललं नाही.

मी मनात हिशोब करत होतो. आई लग्न होऊन गावाहून पुण्यात आली. बाबांच्या बदल्यांमध्ये चार घरं झाली. बाबा गेल्यावर माझ्या नोकरीसाठी ती या भागात आली. एकाही वेळी तिला विचारलेलं मला आठवेना. आम्ही कामावर सिस्टिम एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवतो तेव्हा पहिला नियम काय असतो? त्यावर कोण कोण अवलंबून आहे याची यादी कर. त्यांना आधी कळव. आणि फसलं तर मागे यायची वाट ठेव. निर्जीव सॉफ्टवेअरसाठी मी हे सगळं मनापासून करतो. आईच्या बाबतीत यातलं एकही नाही. वर तिच्या गप्प राहण्याला मी गीतेचा शब्द चिकटवला आणि खूश झालो.

इथे मला श्लोकाचा अर्थ थोडा उलगडला. चुकत असेन तर सांगा.

भगवंत 'अनिकेत' हे लक्षण सांगतात ते भक्ताने स्वतःला तपासून बघावं म्हणून. आरसा स्वतःचं तोंड बघायला असतो. मी तो दुसऱ्यासमोर धरला. माझं सुख एका पत्त्यावर हार्डकोड झालंय का, घाट दिसला तरच जप होतो का, हे मी मला विचारायचं. दुसऱ्याने किती सोडावं हे ठरवायला तो शब्द वापरला की ते अध्यात्म राहत नाही, ती सोय होते. आपली सोय, आणि त्याग समोरच्याचा.

आणि गंमत बघा, हा श्लोक सांगणारा स्वतः कसा वागला? मथुरेवर जरासंधाच्या स्वाऱ्या थांबेनात तेव्हा श्रीकृष्णाने ती सोडली. पण "सोडा मोह" असं सांगून त्याने यादवांना रस्त्यावर नाही आणलं. त्यांच्यासाठी आधी द्वारका उभी केली. पुढे पांडवांची तेरा वर्षं संपली. बारा वर्षं वनवास, एक वर्ष अज्ञातवास. आता तुम्हाला घराची सवय राहिली नाही, असेच राहा, असं तो म्हणाला का? नाही. तो शिष्टाईला हस्तिनापूरला गेला. निदान पाच गावं तरी द्या, इतक्या खालपर्यंत मागणी आणली. जो सख्याला 'अनिकेत व्हावं' असं शिकवणार होता, तोच त्या सख्याच्या घरासाठी भर सभेत अपमान सोसून आला. स्वतःपुरतं वाऱ्यासारखं राहावं आणि दुसऱ्याच्या छपरासाठी मात्र भांडावं. मला वाटतं सहावा अध्याय आणि बारावा अध्याय इथे एकमेकांना भेटतात. जागा जरूर निवडावी, नीट निवडावी. फक्त तिच्यावाचून माझं अडतंय का ते आपल्यापुरतं तपासावं, आणि दुसऱ्याचं काय अडतंय ते त्यालाच विचारावं.

घरी आल्यावर मी आईला विचारलं. खरं सांगतो, पहिल्यांदा ती परत तेच म्हणाली, "मला काय रे, कुठेही." मी म्हटलं, "तसं नको. इथून गेलो तर तुझं काय काय सुटेल ते सांग." ती विषय बदलून स्वयंपाकघरात गेली. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी रात्री कुकर घासता घासता म्हणाली, "गुरुवारचं भजन सुटेल. तीन बायकांवर सुरू केलं होतं मी ते. आता बावीस जणी येतात." मग थोड्या वेळाने, "हे एकच मी स्वतः उभं केलेलं आहे. बाकी सगळं मला मिळालेलं."

अकरा वर्षं दर गुरुवारी मी त्या भजनाच्या आवाजाला वैतागून दार लावून कॉल घेतलेत.

घर अजून ठरलेलं नाही. मार्च जवळ येतोय आणि मला अजूनही वाईच हवी आहे, हे लपवत नाही. वाईला गेलो तर भजनाचं काय आणि इथेच राहिलो तर बायकोच्या पाण्याचं काय, याचं उत्तर शीटमध्ये सापडत नाही. कदाचित कुणाचं तरी थोडं सुटेलच. पण या वेळी ते कोणाचं आणि किती, हे आम्ही तिघं एकत्र बसून ठरवतोय. पुढच्या महिन्यात तिघंही वाईला जाणार आहोत. आईने विचारलंय, तिथे गुरुवारी भजन कुठे असतं ते आधी बघून ठेव. ती विचारतेय, यातच मला बरंच काही मिळालं. शीटमध्ये बायकोने एक नवा रकाना टाकलाय, 'कुणाकुणाला विचारलं?' त्याला गुण नाहीत. तो रिकामा असेल तर बाकीची बेरीज करायचीच नाही, असा नियम आहे.

आजचा संकल्प: आपल्या घरात "तुम्ही म्हणाल तसं" असं कोण म्हणतं, ते आज आठवून बघू या. त्यांच्याशी बसून एकदा परत विचारू या. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही.

उद्या विसावा श्लोक, म्हणजे बाराव्या अध्यायाची समाप्ती. तोवर नाम घेत राहू या.

राम कृष्ण हरी!