अठरा वर्षे वाकलेली भगिनी



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कमरेत वाकलेली एक स्त्री भेटते. हा उतारा रविवारच्या वाचनांत येत नाही, म्हणून घरी उघडून वाचा. ती काहीच मागत नाही. येशूच तिला पाहतो, जवळ बोलावतो, तिच्यावर हात ठेवतो. सभास्थानाचा अधिकारी मात्र रागावतो: बरे व्हायचे तर इतर सहा दिवस आहेत, तेव्हा या.

‘आज नको, मग या’ हे आपल्या वाघोलीतील एका भगिनीनेही ऐकले. तिच्या परवानगीने लिहितो. ती व्हीलचेअरवर असते. स्तनात गाठ लागली, पण दुखत नव्हती; शिवाय भावाला उचलून रिक्षात बसव असे किती वेळा सांगायचे, या संकोचात चार महिने गेले. शेवटी नगर रस्त्याने शहरात गेली, तर मॅमोग्राफीचे यंत्र उभ्या बाईच्या उंचीचे. तिला परत पाठवले. दर महिन्याला मी तिच्या घरी पवित्र कम्युनियन नेत होतो आणि ‘बरी आहेस ना?’ एवढे विचारून निघत होतो. संकोच माझाही होता.

मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून वीस वर्षे दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष आले: रोग लवकर सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी घटले. अशी तपासणी खुर्चीत बसून किंवा पलंगावरही होते. गाठ लागली असेल तर मात्र तेवढ्यावर भागत नाही; सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लागते, ती आडवे पडून करता येते. जाण्याआधी फोन करून विचारा, यंत्र खाली येते का, बसून तपासता का. विचारायला लाजू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 25 मध्ये सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात अग्रक्रम सांगितला आहे.

ज्या मातांना मतिमंद लेकीला आंघोळ घालावी लागते, त्यांनी गाठ, आत ओढलेली कातडी, बोंडातून येणारे रक्त यांकडे लक्ष द्यावे. ती मुलगी स्वतः सांगणार नाही.

आपली भगिनी येत्या मंगळवारी पुन्हा जाणार आहे. एक गाडी आणि उचलायला दोन माणसे हवी आहेत, सोबत एक बाई असली तर उत्तम. मिस्सानंतर मी दाराशीच उभा असेन.