शर्तींचा मसुदा

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत विद्यार्थी शेकडो उदाहरणे सोडवितो. परंतु तुळईवरील भार किती, नळीतील प्रवाहाचा वेग किती, यंत्राला किती शक्ती पुरवावयाची, हा सारा तपशील त्याच्या हाती येण्यापूर्वीच कोणीतरी ठरवून ठेवलेला असतो, आणि तो कोणासाठी व का ठरविला हे विचारण्याचा प्रसंग पदवीचा दाखला मिळेपर्यंत त्याच्यावर बहुधा येत नाही. या शिक्षणातील सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते.

वसतिगृहाच्या खोलीत सबमिशनच्या आदल्या रात्री काय चालते ते पाहावे. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या चळती रचून त्यांवर काच ठेवलेली असते, काचेखाली दिवा, काचेवर मित्राची पुरी झालेली शीट आणि तिच्यावर कोरा कागद. उजेडात उमटलेली प्रत्येक रेघ पेन्सिलीने गिरवीत मुलगा पहाट करतो. यालाच ‘जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारणे’ म्हणतात. वडीलधारे याला आळस म्हणतात, पण रात्रभर जागणाऱ्यास आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. ज्या रेघेमागे कोणाचीच निकड उभी नाही, तिची नक्कल केली काय आणि ती स्वतः काढली काय, यांतील भेद त्या मुलाला कोण पटवून देणार?

चरखा आणि शरीरश्रम यांचा वारसा सांगणाऱ्या वर्ध्याच्या परिसरात तरी असे घडावयास नको होते. अखिल भारतीय चरखा संघाने 1929 साली सुधारलेल्या चरख्यासाठी 1 लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा त्याच्या शर्ती मोठ्या काटेकोर होत्या: खेड्यातील स्त्रीला आपल्या झोपडीत आठ तास फारसे न थकता तो चालविता यावा, किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी, वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास तो किमान 20 वर्षे टिकावा, आणि त्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये. किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणाहूनही यंत्र तयार होऊन आले, परंतु सर्व कसोट्यांना उतरून पारितोषिक कोणीच मिळवू शकले नाही. मला मात्र तो शर्तींचा मसुदाच आपल्या देशातील यंत्रविद्येचा एक उत्तम पाठ वाटतो; कारण त्यात प्रथम माणूस येतो, मग त्याची ऐपत, आणि सरतेशेवटी यंत्र.

वर्ध्याजवळच्याच पवनारला धाम नदीच्या काठी, परंधाम आश्रमात, विनोबांनी 1950 च्या सुमारास कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग मांडला, बैलांवाचून शेती केली, आणि विहिरीवरचा रहाट आश्रमवासी स्वतः फिरवू लागले. याकडे आपण केवळ तपश्चर्या म्हणून पाहतो, हे मला अपुरे वाटते. सतत श्रम करणारा धडधाकट माणूस सुमारे 75 वॉट शक्ती देऊ शकतो. दहा मीटर खोलीवरून तेवढ्या शक्तीने तासाला सुमारे 2,700 लिटर पाणी चढेल, आणि निम्मी शक्ती घर्षणात व गळतीत गेली असे धरले तर साडेतेराशेच्या आसपास. एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी द्यावयाचे म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. अर्थात एका माणसाचे जवळजवळ दीडशे तास. हा हिशेब पहिल्या वर्षाच्या मुलाला सहज येतो. पण तो मांडताच प्रश्नांची रांग लागते, की गळती कोठे आहे, दांडा कोणत्या उंचीवर असावा, कोणते पीक घेतले असता हे श्रम परवडतील, आणि मोटार बसविली तर विजेचे बिल कोणी भरावयाचे. श्रम आणि विज्ञान येथे एकाच विहिरीवर भेटतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कपाशीच्या बेभरवशाच्या उत्पन्नातून ज्या बापाने मुलाची फी भरली, त्याला मुलाची पुण्यातील नोकरी हवी असते, आणि त्या मुलावर ग्रामसेवेचे ओझे लादण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही. पण शर्ती स्वतः लिहिता येणे हे पुण्याच्या कारखान्यातही उपयोगी पडणारे कसब आहे. ते शिकविल्याने कोणाची नोकरी जात नाही.

म्हणून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात यंत्राच्या आधी शर्तींचा मसुदा दाखल व्हावा, तो ज्याच्यासाठी यंत्र करावयाचे त्याच्या दारी बसून लिहिलेला असावा, त्यास स्वतंत्र गुण असावेत, आणि व्हायवाच्या दिवशी बाह्य परीक्षकाच्या शेजारी ते यंत्र वापरणाऱ्या शेतकऱ्याला किंवा बाईला खुर्ची देऊन, नापास करण्याचा अधिकारही द्यावा.