निवारा : दान की हक्क?

भोपाळच्या गोविंदपुरा भागात ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ हा सरकारी कारखाना उभा राहिला, तो १९५६ साली स्थापन झालेल्या कंपनीचा. कामगारांसाठी आखीव वसाहती झाल्या. परंतु त्याच वसाहतींत धुणीभांडी करणारी आणि भाजी विकणारी कित्येक माणसे आराखड्याबाहेरच राहिली. तेथे गरिबांच्या घरांचा प्रश्न हाती घेतलेल्या एका तरुण वकिलाने आम्हांस विचारले, “मध्य प्रदेशच्या १९८४ च्या कायद्याने, १० एप्रिल १९८४ रोजी शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या जागेवर राहणाऱ्या भूमिहीनास पन्नास चौरस मीटरपर्यंत जागेचा पट्टा देऊ केला. मग ११ एप्रिलला आलेल्याने कोणते पाप केले?”

आम्ही वकिली उत्तर दिले, की कायद्याला कोठेतरी रेघ ओढावीच लागते. पण ती तारीख पुढे दुरुस्त्यांनी सरकत गेली, हेही आम्हांस ठाऊक होते. जी रेघ सरकते ती सोयीची असते, धर्माची नव्हे.

दुसऱ्याच्या जमिनीवर बसणे न्याय्य कसे, हा आक्षेपही पोकळ नाही. १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क सामावला. तथापि पदपथावर कायम राहण्याचा हक्क मान्य केला नाही. म्हणजे माणसाची गरज खरी ठरली, परंतु जागा देण्याचे कर्तव्य कोणाचे, हे अनुत्तरितच राहिले.

आमच्या मते ते कर्तव्य, ज्यांनी त्याचे श्रम घेतले त्यांचे आहे. ज्याच्या हातांवाचून वसाहत चालत नाही, त्याला तिच्यात जागा देणे हा उपकार नव्हे, ती ऋणफेड आहे. दान दात्याच्या मर्जीवर टिकते, हक्क टिकण्यास कोणाची मर्जी लागत नाही. गोमंतकात १९७५ च्या कायद्याने मुंडकारास भाटकाराच्या मर्जीतून सोडविले आणि राहते घर जमिनीसह विकत घेण्याची वाट दिली, ती याच न्यायाने.

तेव्हा भोपाळकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्या देवळाभोवती पाहावे. पालखीला खांदा देणारा, प्रांगण झाडणारा सेवेकरी कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या शब्दावर राहतो? महाप्रसादाला आपण त्यास अगत्याने बोलावतो. त्याच्या नावे कागद करण्याची वेळ आली, की मात्र आपला हात का अडखळतो?