घरी सांगता आले पाहिजे

महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर धावावे लागते, आणि 30 टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात. म्हणून कितीतरी गावांत पहाटे पाचला मुली डांबरी रस्त्यावर सराव करताना दिसतात. गावात मैदान नसते, तालुक्याचे क्रीडा संकुल लांब पडते, तेव्हा गाव ते फाटा हाच त्यांचा ट्रॅक. कडेला चुन्याने मारलेल्या शंभर-शंभर मीटरच्या खुणा आणि हातात मोबाइलचा उजेड. अशा रस्त्यावर एखादी मोटारसायकल मागून येते, वेग कमी करते, पुढे जाऊन मोरीपाशी थांबते आणि मुलगी जवळ आली की पुन्हा चालू होते. पहिल्या दिवशी हा योगायोग असू शकतो. तिसऱ्या दिवशी नसतो, आणि ते तिला पक्के कळलेले असते. तरीही ती घरी बोलत नाही, कारण घरचे उत्तर तिला आधीच ठाऊक असते : उद्यापासून जायचे नाही. एकटीने धावणाऱ्या मुलीच्या सुरक्षिततेचा विचार या गप्प बसण्यापासून सुरू व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

वाट आणि वेळ बदलत राहा, कानात इयरफोन घालू नको, मैत्रिणीला सोबत घे, शंका आली की वस्तीकडे वळ, 112 लाव. हे सल्ले चांगलेच आहेत आणि ते पाळावेत. पण ज्या गावाला एकच रस्ता आहे तिथे वाट कुठून बदलणार? आणि मोबाइलवरून भावाला लोकेशन पाठवायचे, तर त्याने कारण विचारल्यावर खरे सांगता आले पाहिजे. कायद्याचेही तसेच. पाठलाग हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवूनही त्याने वारंवार पिच्छा पुरवला, हे त्यात दाखवावे लागते. गाडीचा नंबर, वार, वेळ हे पहिल्या दिवसापासून कुणाला तरी सांगितलेले असेल, तर तक्रारीत दम येतो. ती गप्प राहिली की पुरावा साचत नाही, आणि त्या माणसाला नेमके तेच हवे असते.

यावर आई-वडील विचारतील, भरती मोठी की जीव? भीती खोटी नाही. 12 जानेवारी 2022 रोजी आयर्लंडमधील टुलामोर गावाजवळ कालव्याकाठी धावायला गेलेल्या ॲशलिंग मर्फी या 23 वर्षांच्या शिक्षिकेचा खून झाला, तोही भर दुपारी, वर्दळीच्या वाटेवर. पण घरी बसवल्याने मुलगी सुरक्षित होते, हे गृहीतक आकडे मान्य करत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. शिवाय 2025 च्या जानेवारीत बीड जिल्ह्यात भरतीचा सराव करणारे तीन तरुण एसटीखाली सापडून गेले, तेव्हा मुलांनी धावणे सोडावे असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. धोका मुलावर आला तर आपण रस्त्याला दोष देतो, मुलीवर आला तर तिचे धावणे थांबवतो.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मुलींनी बोलायचे ठरवले की गावाचा संशय आधी ऊसतोड कामगारावर, परप्रांतीय मजुरावर जाईल. संशय चेहऱ्यावरून घेतला की काय होते, हे अमेरिकेत जॉर्जिया राज्यात 23 फेब्रुवारी 2020 रोजी दिसले. धावत निघालेल्या अहमॉड आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाला चोर समजून तिघा गोऱ्यांनी गाड्यांतून गाठले आणि त्यांतल्या एकाने गोळ्या घातल्या. म्हणून पाहायचे ते वागणे : कोण मागे राहतो, कोण थांबून वाट पाहतो, कोण रोज त्याच वेळी येतो. असे वागणारा बऱ्याचदा गावातलाच निघतो, आणि त्याचे नाव घेणे सर्वांत अवघड असते.

ग्रामपंचायतीने फाट्यापर्यंतचे दिवे पहाटे चालू ठेवावेत, सकाळी फिरायला जाणाऱ्या जाणत्यांनी त्याच रस्त्याने जावे. याला फारसा खर्च नाही. पण त्याआधी आई-वडिलांनी मुलीला आजच सांगावे : काहीही झाले तरी आम्हाला सांग, तुझे धावणे बंद होणार नाही. आणि तिने खरोखर काही सांगितले, तर दिलेला शब्द पाळावा.